शेवटच्या जागेवरचा दिवा

आत्याच्या हातात ब्रेडचं पाकीट दिलं की ती ते एकदा खालीवर करते आणि सांगते, "यात एक काप कमी आहे." आपण मोजून पाहतो. एक काप कमी असतो. सव्वीस वर्षं ती एका बेकरीच्या पॅकिंगच्या खोलीत काम करते आहे, त्यातली शेवटची अकरा वर्षं मुख्य बाई म्हणून. तिच्या हाताखाली सात बायका. मालक तिला 'बाई' म्हणतो, बायका 'मोठ्या बाई' म्हणतात आणि काका, म्हणजे तिचे यजमान, रागात असले की 'साहेब' म्हणतात.

काका वायरमन. आजूबाजूच्या निम्म्या दुकानांचं वायरिंग त्यांच्या हातचं. आपल्या कामातून तीस वर्षांत कुणाला साधा झटका बसला नाही, हे ते नवीन माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. त्यांच्या कामात कुणी खोट काढलेली त्यांना सहन होत नाही. बेकरीतल्या बायका म्हणायच्या, "मोठ्या बाईंच्या घरी माश्यांचा दिवा लागतच नसेल. काका नाकावर माशी बसूच देत नाहीत." आत्याही त्यांच्याबरोबर हसायची.

बेकरीतला माश्यांचा दिवा पॅकिंगच्या लांब टेबलाच्या टोकाला, भिंतीवर, उभ्या बाईच्या डोक्याच्या जेमतेम वीतभर वर होता. जाळीच्या पेटीत एक नळी, तिचा जांभळट उजेड. माशी उजेडाला भुलून आत जायची, चटकन आवाज व्हायचा आणि ती खालच्या ताटलीत पडायची. त्या ताटलीशेजारी उभं राहायला कुणालाच आवडत नसे. म्हणून खोलीचा एक नियम ठरून गेला होता. नवी येईल तिनं शेवटच्या जागेवर उभं राहायचं. तिच्यामागून आणखी नवी आली की एक जागा वर सरकायचं. आत्यानं स्वतः तिथूनच सुरुवात केली होती. तेव्हा तिथं दिवा नव्हता, कचऱ्याचं पिंप होतं. मुख्य बाई झाल्यावर तिला तो नियम मोडता आला असता. "मी उभी राहिले, तुम्हीही राहा," म्हणून तिनं तो तसाच चालू ठेवला.

मागच्या वर्षी खोलीत नवी आली. बावीसेक वर्षांची, अबोल, हाताला चपळ. घरी आजारी आई आणि धाकटी बहीण, आणि कमावणारी ही एकटी. पहिल्या दिवशी आली तेव्हाच तिचे डोळे किंचित लाल होते. रात्रभर आईच्या उशाशी बसली होती, झोप झाली नव्हती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. पण लाल डोळे मात्र सगळ्यांनी पाहून ठेवले.

चौथ्या दिवशी सकाळी ती पापण्या अर्धवट मिटून कामाला आली. आदल्या संध्याकाळपासून डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतंय, उजेड बघवत नाही, म्हणाली. तरी तिनं दिवसभर काम केलं. आठवड्यानं तिच्या समोरच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या दोघींचे डोळेही तसेच लाल झाले. मग आणखी एकीचे. ही चौथी म्हणजे खोलीतला 'रेडिओ'. सकाळी हजेरीला सुरू व्हायची आणि सुटीलाच बंद व्हायची.

"डोळे आलेत. साथ आहे," रेडिओनं जाहीर केलं. "आणि साथ चालत येत नाही, कुणीतरी आणते."

त्या दिवसापासून नवीचा पाण्याचा पेला मांडणीवरून उचलून खिडकीत ठेवला गेला. कुणी ठेवला ते कळलं नाही. नवीनं पाहिलं आणि ती खिडकीपाशी जाऊन पाणी प्यायली.

मंगळवारी मालकानं आत्याला बोलावलं.

"बाई, ब्रेडला हात लावणाऱ्या बायका आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. गिऱ्हाइकानं पाहिलं तर मला शटर ओढावं लागेल. जिनं हे आणलं तिला जायला सांगा."

"तिनं आणलं कशावरून?"

"ती यायच्या आधी होतं का कुणाला?"

"कधीपर्यंत सांगायचं?" तिनं विचारलं.

"शनिवारपर्यंत. त्याच्यापुढे नको."

"मग शनिवारपर्यंत तुम्हीही कुणाला काही बोलू नका," आत्या म्हणाली आणि कामाला लागली. तिला नवीची फार माया आली होती असं नाही. न मोजता कुणी आकडा सांगितला की तिच्या अंगाचा तिळपापड होतो, तसं तिचं झालं होतं.

संध्याकाळी ती नवीच्या घरी गेली. एकच खोली. कोपऱ्यात स्टोव्ह, भिंतीला लागून आईची खाट, दोरीवर एक टॉवेल.

"हा कोण वापरतं?"

"तिघी," नवी म्हणाली. "एकच आहे."

आत्यानं आधी आईच्या पापण्या उचलून पाहिल्या, मग बहिणीच्या. चारही डोळे चुन्यासारखे स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाकीच्या तिघींना एकेक करून विचारलं. घरात आणखी कुणाचे डोळे लाल झालेत? कुणाचेच नाहीत. रेडिओचं तर दीड वर्षाचं बाळ तिच्याच कुशीत झोपायचं, तेही ठणठणीत. दुखणं सुरू कधी होतं? सगळ्यांचं संध्याकाळी, सात-आठच्या सुमाराला. सुटीच्या दिवशी? त्या दिवशी बरं वाटतं.

"असली कसली साथ, सुटी घेणारी?" आत्या म्हणाली.

आणखी एक गोष्ट जुळत नव्हती. नवीच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभी राहायची ती चष्मेवाली. साथ असती तर आधी तिला लागली असती. तिचे डोळे ठीक होते. पण तिचे गाल आणि मान लाल झाली होती आणि कातडीचे कांद्याच्या पापुद्र्यासारखे पोपडे निघत होते. ती साबणाला शिव्या देत होती.

दुपारी आत्या नवीला घेऊन सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी नवीच्या डोळ्यांत पिवळं औषध घालून यंत्रातून बराच वेळ पाहिलं.

"वेल्डिंगच्या दुकानात काम करतेस का गं?"

"बेकरीत. ब्रेड भरते."

"डोळे वेल्डरचे आहेत तुझे," डॉक्टर म्हणाल्या. "डोळे आलेले नाहीत. आले असते तर सकाळी पापण्या चिकटल्या असत्या, घाण आली असती. हे भाजलंय. उन्हानं कातडी भाजते ना, तसा बुबुळावरचा पातळ पडदा भाजलाय."

"भट्टीनं?" आत्यानं विचारलं.

"भट्टीची धग लागली तर माणूस मागे सरकतो. हे अतिनील किरण. दिसत नाहीत, ऊब लागत नाही, म्हणून कुणी बाजूला होत नाही. भाजतं दुपारी आणि कळतं संध्याकाळी."

"शेजारची एक आहे. डोळे चांगले, पण गाल सोलले."

"चष्मा लावते?"

"लावते."

"काचेनं वाचवलं तिला. गालाला कुणी चष्मा लावत नाही."

"पण हे किरण उन्हातही असतात म्हणतात. आम्ही जन्मभर उन्हात वावरतो."

"असतात की. त्यातले सगळ्यात जहाल असतात ते वर हवेतच अडतात. खाली पोचतात तेही वर्षानुवर्षं सोसले तर मोतीबिंदू होतो, कातडीचा कॅन्सर होतो. म्हणून टोपी घाला, चष्मा लावा, सांगून आमचा घसा बसतो. पण या मुलीला हे काही दिवसांत झालंय. हे उन्हाचं काम नाही, खोलीत काहीतरी आहे. रोज भाजून घेणं चांगलं नाही. ते शोधा."

"माश्यांचा दिवा आहे," आत्या हळूच म्हणाली.

"त्यातली नळी सौम्य असते, तिनं असं होत नाही. पण तुमच्या दिव्यात आत कुठली नळी आहे, ते मी इथं बसून कसं सांगू?"

परत येताना आत्याच्या डोक्यात तो दिवाच होता. दिव्यातली जुनी नळी गेली होती आणि नवी मुलगी कामाला आली त्याच सोमवारी काकांनी दुसरी घातली होती. घालून झाल्यावर मालकाला सांगितलंही होतं, "आधीच्यापेक्षा भारी आहे. नुसत्या माश्या नाहीत, जंतूही मारते. खाण्याच्या जागी अशीच पाहिजे." आत्या तिथंच उभी होती. तिला तेव्हा नवऱ्याचा अभिमान वाटला होता.

बेकरीत शिरल्याबरोबर तिनं दिव्याचं बटण बंद केलं आणि स्टुलावर चढून नळी पाहिली. जुनी दुधी असायची. ही आरपार दिसत होती, पाण्याच्या पेल्यासारखी. मग घरी जाऊन तिनं काकांची फळी उपसली. तशीच एक नळी खोक्यात होती. खोक्यावरची भाषा तिला येत नव्हती, पण दोन चित्रं होती. एक डोळा, त्यावर आडवी रेघ. एक हात, त्यावर आडवी रेघ.

चित्राच्या जोरावर काकांशी बोलता येणार नाही, हे तीस वर्षांच्या संसारात तिला कळून चुकलं होतं. मालकही म्हणाला असता, दिवा बारा वर्षं इथंच आहे. तेव्हा तिनं जे केलं ते फक्त तीच करू शकते.

गुरुवारी तिनं सगळ्या बायकांना टेबलासकट भट्टीच्या बाजूला हलवलं. दिव्याखाली एक स्टूल ठेवलं, दिवा लावला आणि लेबलांचा गठ्ठा घेऊन स्वतः तिथं बसली. डाव्या डोळ्यावर कापूस ठेवून वर पट्टी बांधली होती. डावा हात कोपरापर्यंत ब्रेडच्या जाड कागदात गुंडाळला होता.

"रांजणवाडी झालीय," ती म्हणाली.

"हातालाही का?" रेडिओनं विचारलं.

"हातालाही. तू पाकिटं मोज."

तीन तास ती तशी बसली. मग दिवा बंद केला, बटणावर चिकटपट्टी लावली आणि घरी गेली.

साडेसातला तिनं हातातला चमचा खाली ठेवला. उजव्या डोळ्यात कुणी मूठभर वाळू भरून वरून चोळावी तसं झालं. काकांनी घरातले दिवे मालवले, थंड पाण्यात फडकी पिळून आणली, बायकोच्या डोळ्यावर ठेवली, बदलली, पुन्हा ठेवली. प्रेम करायची त्यांची रीत हीच आहे, न बोलता पाणी पिळत राहायची.

"साथ तुलाही लागली म्हणायची," ते म्हणाले. "पण एकच डोळा कसा?"

"दुसऱ्यावर पट्टी होती." आत्यानं दोन्ही हात पुढे केले. "आणि हे बघा."

स्वयंपाकघरातून येणाऱ्या उजेडात काकांनी पाहिलं. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत लालबुंद. डावा जसाच्या तसा.

"साथ कागद बघून थांबते का हो?"

आत्यानं चाचपडत उशीखालचं खोकं काढलं. "अशा किती आणल्या होत्या?"

काकांना कळायला फार वेळ लागला नाही. पण कळलेलं मान्य करायला लागला.

"पिना जुळल्या होत्या," ते म्हणाले. "लांबी जुळली. वॅट जुळलं."

"चित्रं?"

"चित्रं काय, सगळ्याच खोक्यांवर असतात."

फडकं पुन्हा एकदा पिळून झालं. मग काका हलक्या आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी लवकर जातो. जुन्या तऱ्हेची नळी घालतो. दोन दिवसांत सगळ्यांचे डोळे बरे होतील. कुणाला काही सांगायची गरजच नाही."

"आणि नवी?"

"तिला राहू दे म्हण ना मालकाला. तुझं ऐकतो तो."

"काय म्हणून राहू दे? तिनं आणलं आणि तिनंच परत नेलं म्हणून? जन्मभर तिचा पेला खिडकीत राहील."

"अगं, तीस वर्षांत माझ्या कामातून—"

"ठाऊक आहे मला. माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

"लोक हसतील. बायको मुख्य बाई, नवरा वायरमन, दोघांनी मिळून अख्खी बेकरी भाजली म्हणतील."

"म्हणू देत. भाजलीच आहे. तिला त्या जागेवर उभी मी केली, दिवा तुम्ही लावला." आत्यानं डोळ्यावरचं फडकं स्वतःच उलटलं. "दहा वाजता मालक येतो. दहा वाजता मी त्याला सांगणार. तुम्ही आधी सांगितलंत तर तुम्ही सांगितलंत."

"ठीक आहे, साहेब," काका म्हणाले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. पण अर्ध्या तासानं परत आले, फडकं बदललं आणि पुन्हा जाऊन बसले.

शुक्रवारी आत्या उठली तेव्हा काका घरात नव्हते. शिडीही नव्हती. गुपचूप नळी बदलून मोकळे झाले असणार, असं समजून ती बेकरीत पोचली. दिव्यात तीच आरपार नळी होती, बटणावरची चिकटपट्टी तशीच. काकांचा पत्ता नव्हता. ती एका डोळ्यानं घड्याळ बघत राहिली.

दहा वाजता मालक आला. आत्यानं सगळ्यांना टेबलाभोवती थांबवलं.

"डोळ्यांचं कारण सापडलंय," ती म्हणाली. "साथ नाही. कुणी आणलेली नाही."

"मग?"

ती तोंड उघडणार तेवढ्यात शिडी दाराच्या चौकटीला आपटली. काका घामाघूम झाले होते. हातात खोकं.

"खोक्यावरचं वाचून घेऊन आलो," ते शिडीकडे बघत म्हणाले. "घाऊक दुकानातल्या माणसाकडून. ही रिकाम्या खोलीत लावायची नळी आहे. माणूस आत असताना लावायचीच नाही. माश्यांच्या पेटीत हिची लांबी बरोब्बर बसते, म्हणून..."

ते थांबले. आत्यानं वाक्य पुरं करून दिलं नाही. तिला ते करता आलं असतं.

"म्हणून मी घातली," काका म्हणाले. "तुमचे डोळे माझ्या नळीनं भाजले."

मालक आधी काकांकडे, मग दिव्याकडे, मग आत्याच्या डोळ्याकडे बघत राहिला. "बरं," तो शेवटी म्हणाला, "झालं ते झालं. बदला नळी. चला, सगळ्या कामाला लागा."

"थांबा," आत्या म्हणाली. "नवीला तुम्ही काढणार होतात."

"काढलं कुठं?"

"काढणार होतात हे आता इथं सगळ्यांना कळलंय. मग काढत नाही, हेही सगळ्यांसमोर होऊ दे. तिच्याकडे बघून."

मालकानं घसा साफ केला. "तुझी काही चूक नव्हती," तो नवीला म्हणाला. "तू राहा."

नवी हसली नाही की रडली नाही. तिनं विचारलं, "माझा पेला आता कुठं ठेवू?"

रेडिओ पुढे झाली, खिडकीतला पेला घेतला, नळाखाली विसळला आणि मांडणीवर स्वतःच्या पेल्याला चिकटवून ठेवला. "मीच ठेवला होता तिकडे," ती म्हणाली. "आता बडबड झाली, पाकिटं द्या इकडे."

आत्यानं त्याच दमात शेवटच्या जागेचा नियम रद्द केला. दर सोमवारी सगळ्यांनी जागा बदलायच्या, मुख्य बाई धरून.

काकांनी नळी काढली, खोक्यात घातली आणि शिडी खांद्यावर घेतली. "चार आणल्या होत्या," ते आत्याला म्हणाले. "एक ही, एक घरात. एक डेअरीत लावलीय आणि एक वसतिगृहाच्या मेसमध्ये."

"मग चला."

"तू कुठं? डोळा बघ तुझा."

"डोळा चालत नाही, पाय चालतात." तिनं चष्मेवालीकडून उन्हाचा गॉगल मागून घेतला, डोक्यावरून पदर ओढला आणि शिडीचं मागचं टोक धरलं. भर उन्हात दोघं त्या दिवशी शिडी घेऊन एकामागे एक चालले. लोक वळून बघत होते. काका मधूनमधून म्हणत होते, "सावलीनं चल."

डेअरीत नशीब बरं होतं. दिवा मागच्या कोठारात होता, तिथं कॅनशिवाय कुणी उभं राहत नव्हतं. तरी काकांनी मालकाला बोलावून नळी काढून दाखवली. बोलताना दोनदा अडखळले. आत्या शिडी धरून उभी होती.

मेसचा आचारी दाराइतका रुंद माणूस. डोक्याला ओला पंचा बांधून तो कांदे चिरत होता, डोळे सुजून बारीक झाले होते, नाकाचं टोक सोललं होतं. त्याच्या डोक्यावरच निळसर दिवा जळत होता.

"या वर्षी कांदाच असला तिखट आलाय," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले. रात्री उशी भिजते माझी. पोरं म्हणतात, आचारीबुवा घरच्या आठवणीनं रडतात."

आत्यानं बोलायला श्वास घेतला. त्याआधीच काका पुढे झाले, हात लांब करून दिव्याचं बटण बंद केलं आणि आचाऱ्यासमोर उभे राहिले.

"कांद्याचा दोष नाही," ते म्हणाले. "या दिव्यात मी चुकीची नळी घातली. तुमचे डोळे तिनं भाजलेत. मी घातली. आज काढतो. दोन दिवस डोळ्यांवर गार पाण्याची पट्टी ठेवा, आणि सरकारी दवाखान्यात दाखवून या, बाई चांगल्या आहेत."

आचाऱ्यानं सुरी खाली ठेवली.

"म्हणजे मी तीन आठवडे त्या कांदेवाल्याशी भांडतोय, ते?"

"त्याचं दुकान कुठं आहे ते सांगा," काका म्हणाले. "त्यालाही भेटतो." आणि ते शिडी चढू लागले. आत्यानं खालून शिडी घट्ट धरली.